न ऐकता हलवलेली मान

नांदूरघाट, ता. केज
१९ जानेवारी २०२५

चि. वनमाला,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, अशी मला धास्ती आहे. म्हणून आधीच सांगतो. घरात कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि तुझ्याकडून मला काही नको आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला ऐकू येत नाही. उजवा कान जवळजवळ गेला आहे, डावा अर्धा. हे आजचं नाही, सहा वर्षं झाली. पप्पूच्या मोबाईलवरून मेसेज पाठवता आला असता, पण तुझं उत्तर माझ्या त्या पोरानं माझ्याआधी वाचलं असतं.

सहा वर्षांत हे फक्त तुझ्या वहिनीला, तुळजाला माहीत होतं. चारचौघांत मी समोरच्याच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधायचो. जमलं नाही की थोडं हसून मान हलवायचो. पंचायत समितीत दहा वर्षं काढलेल्या माणसाला मान कुठं आणि किती हलवायची, हे शिकवावं लागत नाही. तुळजा आतल्या दाराशी बसून ओसरीवरचं सगळं ऐकायची, आणि संध्याकाळी चुलीपुढं मला सांगायची, कोण काय म्हणालं, मी कशाला हो म्हणालो. एक दिवस तिनं खंड पाडला नाही. गावाला वाटायचं, मोहनराव बोलतात कमी पण ध्यानात सगळं ठेवतात.

उपाय केले. लसूण टाकून उकळलेलं तेल दोन वर्षं कानात घातलं. मग कानाच्या मशीनचं एक शिबिर भरलं होतं, तिथून एक मशीन आणलं. सगळ्यांना एकाच पेटीतून एकसारखं मशीन दिलं, कान कुणी बघितला नाही. ते घालून अर्जुनरावाच्या नातीच्या लग्नाला गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या कानातून अशी शिट्टी निघाली की पाच-सहा जणांनी आपापले मोबाईल काढून बघितले. मीही खिशातला काढून बघितला. काय करणार? घरी आल्यावर मशीन कपाटात गेलं आणि तेल पुन्हा सुरू झालं.

पुण्याला जा, असं पुष्कळांनी सांगितलं असतं, पण सांगण्यासाठी त्यांना आधी कळायला पाहिजे होतं.

तू या घरात पाऊल टाकलंस त्याला तीन वर्षं दोन महिने झाले. राखी नाही, भाऊबीज नाही. कारण आपल्या दोघांना माहीत आहे. आज ते लिहीत नाही. तुझी तब्येत जप.

तुझा दादा

नांदूरघाट
३ फेब्रुवारी २०२५

चि. वनमाला,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. आज केजला कान तपासून आलो. त्याची हकीकत तुला सांगावीशी वाटली.

आपल्या रानात दरवर्षी सिदू धनगर खतासाठी मेंढ्या बसवतो, तुला आठवत असेल. गेल्या आठवड्यात मी बांधावर उभा होतो, तो बोलत होता आणि मी मान हलवत होतो. मधेच तो गप्प झाला, माझ्या अगदी जवळ आला आणि कानाशी ओरडला, "मालक, मी इचारलं मेंढ्या किती दिस बसवू. तुमी नुसतं हां हां करायलात. पाच दिस का पंधरा दिस?"

मी म्हणालो, "वारं होतं."

तो हसला. "वारं न्हाई, मालक. कळपात एखादं मेंढरू बहिरं झालं तर मला कळतं. मी हाळी दिली की सगळा कळप वळतोय, ते एकटंच सरळ जातंय. तुमी लई दिसापासून सरळ चाललाव."

मला राग आला. माझ्या रानात उभा राहून हा मला मेंढरू म्हणतो. पण राग येऊन करणार काय, खरंच होतं. मग त्यानं सांगितलं, "आमची रोहिणी हेच काम करती की. केजाला बसती, सोमवारी अन् गुरुवारी."

सिदूची रोहिणी नर्स झाली, असं आम्ही सगळे समजत होतो. कुणी नीट विचारलंच नव्हतं. ती ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान किती ऐकतो ते मोजून त्या मापाचं मशीन लावून देणारी. चार वर्षं मुंबईत शिकली. मी मनात पुणं-हैदराबाद धरून बसलो होतो आणि ती एसटीनं तासाभराच्या आत होती.

तुळजाला घेऊन गेलो. बसस्थानकासमोर औषधाच्या दुकानावर तिची खोली आहे. रोहिणीनं दोघांना वाकून नमस्कार केला, मला काका म्हणाली, आणि कानात बारीक बत्तीनं बघून पहिला प्रश्न तुळजाला केला, "काकू, हे तेल कुणी घालायला सांगितलं?"

तुळजा म्हणाली, "मीच घालायचे, बाई. दुसरं काय करू?"

"आजपासून बंद. लसूण भाजीत घाला."

मग तिनं मला एका काचेच्या पेटीवजा खोलीत बसवलं. कानाला मोठे भोंगे लावले, हातात एक बटण दिलं. म्हणाली, "बारीक आवाज आला तरी दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही." काचेपलीकडं ती स्वतः बसली. मी भराभर दाबू लागलो. परीक्षा चांगली चालली आहे, असं वाटत होतं. पाच मिनिटांनी ती उठून आत आली.

"काका, आता तुम्ही आठ वेळा बटण दाबलं. त्यातल्या पाच वेळा मी आवाज दिलाच नव्हता."

मी बटण मांडीवर ठेवलं.

"तुम्ही माझ्या खांद्याकडं बघत होता. खांदा हलला की दाबत होता. हो ना?"

तुळजा तिकडं तोंड फिरवून हसत होती. रोहिणीनं माझी खुर्ची उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली. म्हणाली, "काका, इथं निवडणूक नाही. बटण दाबलं नाही तरी तुम्ही पडत नाही."

वनमाला, भिंतीकडं तोंड करून मी पंचवीस मिनिटं बसलो. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही. एवढी शांतता आपल्या डोक्यात असते, हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण मी सारखा समोरच्याचं तोंड वाचण्यात गुंतलेला असायचो. शेवटी तिनं कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या. दोन्ही रेघा उतारावरून खाली गेल्यासारख्या. उजव्याचं आता फार काही करता येणार नाही, डाव्याला मशीन चांगलं काम देईल, म्हणाली. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ काढून यायला सांगितलंय. मग माप घेणार.

उतरताना जिन्यात तुळजा म्हणाली, "सहा वर्षं मी तुमच्या कानाची नोकरी केली. आता पेन्शन द्या."

तुझा दादा

नांदूरघाट
२१ फेब्रुवारी २०२५

चि. वनमाला,

काल मशीन लागलं. डाव्या कानामागं असतं, पोपटाच्या चोचीएवढं.

पहिला दिवस वाईट गेला. ताटं आपटल्यासारखी वाजतात. पप्पू जेवताना केवढा आवाज करतो, ते कळलं. माझं स्वतःचं बोलणं हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. रोहिणीनं सांगून ठेवलंय की कानाला सवय व्हायला दोन-तीन महिने लागतील, काढून ठेवायचं नाही, आणि दर पंधरवड्याला येऊन आवाज जुळवून घ्यायचा. मशीन लागलं तरी गर्दीत सगळं कळणार नाही, हेही सांगितलं. आणि एक काम दिलं. रोज निदान पाच वेळा समोरच्याला म्हणायचं, "मला ऐकू आलं नाही, परत बोला." वहीत खुणा करायच्या. ती बघणार आहे.

पहिल्या दिवशी माझ्या वहीत एकच खूण पडली, तीही तुळजापुढं. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडून हे चार शब्द का निघत नाहीत, ते तुला कळेल.

आता जे जानेवारीत टाळलं ते लिहितो.

नोव्हेंबर २०२१ मधली ती बैठक. दाजी जाऊन आठ महिने झाले होते. तू सासरहून, कड्याहून आलीस आणि वढ्याकाठचं दोन एकर रान तुझ्या नावावर मागितलंस. हक्क त्याहून जास्त होता, तू दोनच मागितलंस. आप्पाराव आणि अर्जुनराव पंच म्हणून ओसरीवर बसले आणि ठरवलं की बहिणीनं हक्कसोड लिहून द्यावं, भावानं दिवाळीला साडीचोळी करावी. मग तू उभी राहिलीस आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारलंस.

तू काय विचारलंस, ते मला ऐकू आलं नाही. माझ्या उजव्या बाजूला उभी होतीस, पदर तोंडाशी होता. मला वाटलं, निघते म्हणतेस. मी नेहमीसारखा हसलो आणि मान हलवली.

"दादा, पंचांचं ऱ्हाऊ द्या. मला न्हाई द्यायचं, हेच तुमचं म्हननं हाय का?" तू हे विचारलं होतंस. आणि मी हसून हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी केजला तू सही केलीस आणि गेलीस.

मी तुला मुद्दाम तसं म्हणालो नव्हतो. मला ऐकू आलं नव्हतं. हे तुला सांगायचं होतं.

तुझा दादा

नांदूरघाट
१५ मार्च २०२५

चि. वनमाला,

तुझं कार्ड नऊ तारखेला मिळालं. तीन वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा दिसलं. दोनच ओळी: "वहिनी रोज संध्याकाळी सगळं सांगायच्या, एक दिवस खंड नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या संध्याकाळी काय झालं?"

उत्तर लिहायला मला सहा दिवस लागले. दोन कागद फाडले.

तुळजानं त्या संध्याकाळी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. दाराआडून तिनं मला खूण करायचा प्रयत्न केला होता, पण मी तिकडं बघत नव्हतो. चुलीपुढं ती रडली. म्हणाली, "वन्संनी तोंडावर इचारलं अन् तुमी हसलाव. त्यानला काय वाटलं आसंल? अजून सही झाली न्हाई. सकाळी दस्ताच्या आधी सांगा." तू तेव्हा पलीकडच्या खोलीत होतीस. मधे एक भिंत होती.

मी म्हणालो, बघू.

सकाळी आपण एकाच गाडीतून केजला गेलो. कचेरीत तू बाकड्यावर बसली होतीस, मी दोन हातांवर. दीड तास नंबर यायचा होता. दीड तास माझ्याकडं होता, वनमाला.

का नाही बोललो, तर पहिलं कारण हे, की बोलायचं म्हणजे आप्पाराव-अर्जुनरावांपुढं मी बहिरा आहे हे कबूल करायचं. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती. बहिऱ्याला कोण चेअरमन करणार, कोण निवाड्याला बसवणार? एवढंच कारण असतं तर मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं असतं.

दुसरं कारण असं, की रान राहिलं याचं मला वाईट वाटलं नव्हतं. मी बेइमानी केली नाही, मान आपोआप हलली, असं मनाशी धरलं आणि रान ठेवून घेतलं. पहिल्या हंगामात तिथली तूर चांगली आली, तेव्हा मी ती लोकांना कौतुकानं दाखवली.

कान खरोखर गेले होते. पण त्या सकाळी मला जे करायचं होतं त्याला कान लागत नव्हते.

हे तुळजाला वाचून दाखवलंय. ती म्हणाली, "आता बराबर हाय. टाका पेटीत."

तुझा दादा

नांदूरघाट
१ एप्रिल २०२५

चि. वनमाला,

परवा पाडवा होता. मारुतीच्या देवळात पंचांग वाचायला सगळं गाव जमतं, तसं जमलं होतं. वाचन झालं, कडुलिंब-गूळ वाटून झाला, आणि मी उभा राहिलो. मशीन दिसावं म्हणून टोपी काढली.

भाषण कसं करायचं ते मला येतं, म्हणून भाषण केलं नाही. म्हणालो, मी सहा वर्षं बहिरा आहे. वनमालाच्या बैठकीत तिनं काय विचारलं ते न ऐकता मान हलवली. त्याच संध्याकाळी खरं कळलं, तरी सही होऊ दिली. वढ्याकाठचं दोन एकर मी तिला बक्षीसपत्र करून देणार आहे. बक्षीसपत्र हे कायद्याचं नाव आहे, रान तिचंच होतं.

सगळे चिडीचूप. मला वाटलं, मशीनचा सेल संपला.

मग मागून म्हाळू उठला. त्याच्या आणि त्याच्या चुलत्याच्या बांधाचा निकाल मी दोन वर्षांपूर्वी दिला होता. "मोहनराव, मंग माझ्या बांधाचा निकाल तुमी ऐकून दिलता का न ऐकताच?"

लोक हसले. म्हाळू हसत नव्हता.

मी म्हणालो, "अर्धा ऐकून."

"कोनता अर्धा? माझा का चुलत्याचा?"

मी त्याला म्हणालो, बांध परत मोजून घ्या, पंच दुसरा बसवा. तो म्हणाला, "ते तर बसवनारच." आप्पाराव देवळातून उठून गेले. तुझी बैठक त्यांच्या नावानं झाली होती, त्यांना लागलं. कालपासून ओसरीवर कुणी आलेलं नाही. चहाचं आधण अर्ध्यावर आलंय, असं तुळजा म्हणते.

पप्पू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी म्हणाला, "आबा, मला इचारलं आसतं तर?" मी म्हणालो, "विचारतो. वडिलोपार्जित जमीन आहे, तुझी संमतीची सही लागते." तो बराच वेळ ट्रॅक्टरची चावी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "सही करतो. पर आनंदानं करतो असं लिवू नका तिला." म्हणून तसं लिहीत नाही.

मंगळवारी, १५ तारखेला, केजच्या कचेरीत वेळ घेतली आहे. घेणाऱ्याची सही लागते, म्हणून तुला यावं लागेल. सही करून तू माझ्याकडं न बघता परत गेलीस तरी दस्त पक्का राहील. वकिलाला विचारून घेतलंय.

तुझा दादा

नांदूरघाट
१७ एप्रिल २०२५

चि. वनमाला,

तू सुखरूप पोचलीस, असं पप्पूनं सांगितलं. बीडला गाडी लगेच मिळाली ते बरं झालं.

परवा कचेरीत तू माझ्याशी बोलली नाहीस, ते मी समजून होतो. तुळजाच्या गळ्यात पडलीस, पप्पूच्या डोक्यावर हात ठेवलास, मला नुसतं "आलाव?" म्हणालीस. अंगठ्याच्या यंत्रावर तुझा अंगठा उठेना, तीनदा पुसायला लावलं. मग नोंदणी करणाऱ्या बाईंनी तुला विचारलं, "स्वखुशीनं घेताय का?" आणि तू म्हणालीस, "घेते. माझंच हाय." हे मी पाच हातांवरून ऐकलं. कुणी मला नंतर सांगितलं नाही.

बाहेर रस्त्यावर तू एकदम वळून बोलायला लागलीस, तेव्हा दोन ट्रक आणि एक वरातीचा बँड एकाच वेळी चालला होता. मशीनमध्ये सगळं एकत्र घुसलं. तुझे ओठ हलताना दिसत होते. तुझा चेहरा बघून अंदाज बांधता आला असता, आणि जुन्या सवयीनं माझी मान निम्मी हललीसुद्धा होती. ती थांबवून मी म्हणालो, "मला ऐकू आलं न्हाई. परत बोल."

मला वाटलं, आता चालायला लागशील. तू माझा दंड धरून मला कचेरीच्या मागं लिंबाखाली नेलंस, डाव्या अंगाला उभी राहिलीस आणि सगळं पुन्हा म्हणालीस. पहिल्यांदा रागात बोलली असशील, दुसऱ्यांदा सावकाश बोललीस.

"लई उशीर केला तुमी. तुमचं दाजी गेल्यावर मला रान नको होतं तेवढं, पाठीशी कुनी हाय हे पायजे होतं. तुमी हसलाव. ते हसणं मी तीन वर्षं बघतेय. मी अजून माफ केलेलं न्हाई."

एक शब्द चुकला नाही, वनमाला. उत्तर द्यायची घाई मी केली नाही, कारण तू काही विचारलं नव्हतंस.

मग मी म्हणालो, आता फोन करत जाऊ का, थोडं थोडं ऐकू येतं. तू म्हणालीस, "नगं. फोनवर तुमी परत हां हां करचाल. लिवा."

म्हणून लिहितो आहे. गुरुवार आहे, सकाळी रोहिणीकडं जाऊन मशीनचा आवाज जुळवून आणला. रस्त्याचा गोंगाट कमी करून बोलणं वर आणलंय, म्हणाली. घरी येताना वढ्याकडून आलो. शेजारच्या सगळ्यांची नांगरट होत आली आहे. पप्पूनं ट्रॅक्टर आपल्या बांधापर्यंत आणला होता, वढ्याकाठचंही त्याच झपाट्यात उरकू का, म्हणाला. मी नाही म्हणालो.

नांगरायचं का, पेरायचं काय, कुणाला वाट्यानं द्यायचं का तसंच पडू द्यायचं, ते तू कळव. तुझं उत्तर येईपर्यंत त्या रानात औत जाणार नाही.

तुझा दादा